एक बाटली पेट्रोल आणि भावजींचं लाल फिल्टर

बाईच्या पायानं पेट्रोल जास्त जळतं असं मला ज्यांनी ज्यांनी म्हणून सांगितलं, त्या सगळ्यांना मी एकच उत्तर देत आले: बसा शेजारी आणि बघा. बहुतेक जण बसत नाहीत. घाई असते त्यांना, नाहीतर पाठ दुखत असते. आमचे धाकटे दीर मात्र बसले. आता मी जे सांगणार आहे ते त्यामुळेच घडलं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही पंचवटीत राहायचो, पेठ नाक्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. मी आणि गल्लीतल्या चार-पाच बायका मिळून नागलीचे पापड करायचो. तुमच्याकडे नाचणी म्हणत असतील, आमच्याकडे ती नागली. चांगली नागली हवी तर पेठच्या बाजारालाच जायला हवं. डोंगरातल्या बायका डोक्यावरून आणतात, मुठीत घेऊन नुसती घासून बघितली तरी कळतं. सुरुवातीला मी एसटीनं जायचे. माझ्या गोण्या दिसल्या की कंडक्टरचा चेहरा आंबायचा. "मावशे, ही गाडी माणसांची हाय, नागलीची नाय!" मग टपावर चढवायला कुणी मिळालं तर ठीक, नाहीतर पुढच्या गाडीची वाट बघत स्टँडवर गोणीवरच बसायचं. एकदा पाठीत अशी उसण भरली की आठवडाभर पाटावर बसता येईना, आणि पापडाचं काम तर सगळं बसूनच.

तेव्हा आमच्या ह्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. सीटखाली इंजिन असायचं ना, तीच ती. घेतली ह्यांनी, पण क्लच सोडला की ती गचकन बंद पडायची आणि मागून हॉर्न वाजायचे, ते काही ह्यांना सोसेना. तिसऱ्या-चौथ्या वेळेला किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. मी ती काढली. तपोवनाकडच्या मोकळ्या जागेत पहाटे जाऊन एकटीनं शिकले. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी ओरडलंही नाही, आणि न ओरडता माणूस फार लवकर शिकतं हे माझं ठाम मत आहे. पुढे रीतसर लायसन काढलं. बाजाराच्या दिवशी सावळ घाट चढून पेठ, आणि दुपारी भरल्या गाडीनं परत. गल्लीत माझं नाव 'ड्रायव्हरीणबाई' पडलं. मला आवडायचं.

आता भावजींकडे येते. धाकटे दीर आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे, सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. माणूस लाख मोलाचा, माझ्या बाळंतपणात दवाखान्यात डबे पोचवणारा. पण यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. रविवारी व्हॅन त्यांच्याकडे असायची. एका रविवारी त्यांनी मुंबईहून एक वस्तू आणली. लालभडक, शंकूच्या आकाराची, घड्या घड्यांची, जवळून बघितलं तर सुरकुतलेल्या गाजरासारखी.

"वहिनी, हे बघा. आपल्या गाडीला हवा घ्यायला त्रास होतो. त्या काळ्या डब्यातून, कागदातून ती श्वास घेते बिचारी. हे लावलं की मोकळा श्वास. पिकअप वाढणार, ॲव्हरेज वाढणार."

"तिला दम लागतोय असं कधी म्हणाली ती?" मी विचारलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही, आम्हाला येतं," भावजी म्हणाले.

काळा डबा निघाला, लाल गाजर बसलं. गाडी सुरू केली आणि माझ्या सीटखालून असा घोगरा आवाज आला की मी उठूनच उभी राहिले. भावजींचा चेहरा तर मुंज झालेल्या मुलासारखा खुलला होता. "ऐकलंत? आता बोलतेय ती!"

बोलत होती खरी. ॲक्सिलरेटरवर जरा पाय पडला की घशातून आवाज काढायची, म्हशीनं पाणी ओढावं तसा. मी आपली नेहमीसारखीच चालवत होते. मला पेठला पोचायचं असतं, कुणाला ऐकवायचं नसतं.

असेच काही आठवडे गेले आणि एक दिवस जेवताना विषय निघाला. ॲव्हरेज घसरलं होतं. टाकी लवकर रिकामी व्हायला लागली होती, हे मलाही दिसत होतं, नाही असं नाही.

भावजी भाताचं आळं करत अगदी शांतपणे म्हणाले, "फिल्टरनं ॲव्हरेज वाढतं. ते लावलंय. तरी कमी येतंय. म्हणजे फरक चालवण्यात आहे, दुसरं काय? वहिनी क्लचवर पाय ठेवत असणार. बायका ठेवतात."

"बघितलंय तुम्ही?"

"बघायला कशाला हवं? हिशेबच तसा आहे."

हे आमटी वाढून घेत होते. म्हणाले, "मी काय म्हणतो, व्हॅन तू कंपनीत जायला वापर. हिच्यासाठी बाजाराला भाड्याचा टेम्पो बघू. नाहीतरी तो घाट, ते ट्रक... मला काळजीच असते."

काळजी! इतकी वर्षं मी एसटीच्या टपाखाली गोणी धरून उभी राहायचे, तेव्हा कुठे गेली होती ही काळजी? भाड्याचा टेम्पो म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. त्याला सवड असेल तेव्हा तो येणार, त्याला पटेल तिथे थांबणार, आणि 'चार बायकांसाठी कुठं जाता मावशी एवढ्या लांब' म्हणत नाशकातल्याच दुकानातून जुनी नागली गळ्यात मारणार. आमचे पापड चालत होते ते नागलीवर, आणि नागली चालत होती माझ्या किल्लीवर. ती किल्ली गेली की आमचं काम गेलं. इतकं सरळ होतं ते.

मी वाढायचं थांबवलं. भातवाडी पातेल्यात ठेवली.

"किल्ली मिळणार नाही," मी म्हटलं.

"अगं, पण..." हे म्हणाले.

"पण नाही. माझा पाय खराब आहे असं म्हणणं आहे ना? मग पाय तपासू. बाटली लावू."

बाटली लावणं म्हणजे काय, हे आताच्या मुलांना माहीत नसेल. त्या काळच्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं ॲव्हरेज गॅरेजवाले असंच काढायचे. टाकीची नळी काढायची, तिच्या जागी मापून एक लिटर पेट्रोल भरलेली बाटली जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जिथे बंद पडेल तिथपर्यंत तुमचं एक लिटर. आज असला उद्योग कुणी करू नका, पेट्रोल म्हणजे आगच असते. आम्हालाही तेव्हा अक्कल कमीच होती. पण त्यात लबाडीला जागा नव्हती, हे मात्र खरं. बाटली वहिनी ओळखत नाही की भावजी.

भावजी हसले. "चालेल! तुम्हीच म्हणालात हं वहिनी, नंतर रडायचं नाही."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी पेठ नाक्यावरच्या मिस्त्रींना बरोबर घेतलं. ते भावजींच्या बाजूचे होते, लपवत नव्हते. "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण लेडीज लोकांचा पाय जरा जड असतो," असं बाटली बांधता बांधता त्यांनी मला प्रेमानं सांगितलं. दर वेळी गाडीत माणसं तीच बसतील, म्हणजे वजन तेच राहील, ही अट मी घातली. हे मागच्या सीटवर पंच म्हणून बसले, हातात पाण्याची बाटली आणि चेहरा असा की दोघांनीही हरू नये.

पहिले भावजी. नाक्यावरून निघाले, तसं सीटखालचं गाजर गरजायला लागलं. रस्ता मोकळा होता. भावजी गिअर बदलत, हसत, "बघा पिकअप, बघा!" करत चालले होते. मखमलाबादचा भाग मागे पडला, रामशेजचा किल्ला दिसायला लागला, आणि आशेवाडीच्या फाट्याच्या बरंच अलीकडे, एका टोमॅटोच्या मळ्यासमोर गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. मिस्त्रींनी खडूनं रस्त्याच्या कडेच्या दगडावर खूण केली. भावजी म्हणाले, "बाटली भरताना कमी भरली असेल." मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुमच्यासमोरच भरली."

टाकीची नळी लावून परत नाक्यावर आलो, बाटली पुन्हा भरली. आता मी. फिल्टर तेच, माणसं तीच. साडीचा पदर खोचला, चपला काढल्या. मी अनवाणीच चालवते, पायाला पेडल कळतं. भावजी शेजारी वाकून माझ्या डाव्या पायाकडे बघत होते, क्लचवर टेकतोय का म्हणून.

"भावजी, पायाकडे काय बघताय, रस्त्याकडे बघा. तो टोमॅटोचा मळा येईल आता."

मळा आला. मळा गेला. गाडी चालतीच. मागून ह्यांचा आवाज, "गेला की गं मळा!" आशेवाडीचा फाटाही ओलांडला आणि पुढे एका मोरीपाशी, बोरीच्या झाडाखाली ती थांबली. मी हँडब्रेक ओढला आणि चपला घातल्या.

"वारा मागून होता," भावजी म्हणाले.

"असेल. आता तुमचं गाजर काढा आणि माझा काळा डबा लावा. पुन्हा बघू."

परत नाक्यावर आलो, मिस्त्रींनी बाटली भरली आणि जुना डबा बसवला. तिसरी फेरी पुन्हा माझीच. आवाज नाही, काही नाही, बाहेरच्या साळुंक्या ऐकू येत होत्या. आणि काय सांगू, गाडी थांबली ती त्याच मोरीपाशी. बोरीच्या जरा पुढे म्हणा हवं तर, पण चार पावलांचा काय फरक धरायचा! म्हणजे त्या लाल वस्तूनं माझं पेट्रोल वाचवलं नव्हतं आणि खाल्लंही नव्हतं.

आता खरं म्हणजे माझा निकाल लागला होता. माझा पाय सुटला होता. पण मी इतक्यावर थांबणारी नाही.

"भावजी, आता तुम्ही चालवा. डबा तसाच ठेवून."

"राहू द्या ना वहिनी, ऊन झालंय."

"दुपारी उन्हातच मी पेठहून येते. बसा."

बसले बिचारे. निघाले. भावजी मधेच ॲक्सिलरेटर दाबून बघायचे आणि लगेच सोडून द्यायचे, मिठाशिवाय घास घेतल्यासारखं तोंड करून. मळा गेला. फाटा गेला. मोरी दिसली आणि तिच्या थोडं अलीकडे गाडी थांबली. भावजींनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघत राहिले. मग स्वतःच हसायला लागले.

"वहिनी, आवाजच नाही हो येत. दाबायची इच्छाच होत नाही."

"म्हणजे?" ह्यांनी मागून विचारलं.

"म्हणजे काय दादा, ते गरजलं की पाय आपोआप खाली जातो. अजून ऐकावंसं वाटतं. फिल्टर पेट्रोल खात नाही. मीच खातो. रविवारी टाकी मीच रिकामी करत होतो, आणि पावती फाडत होतो वहिनींच्या नावानं."

इतकं मोकळेपणानं बोलले, म्हणून तर मी म्हणते, माणूस लाख मोलाचा. मिस्त्री नळी जोडता जोडता खाली वाकून हसत होते. मी त्यांना म्हटलं, "मिस्त्री, पाय कुणाचा जड म्हणालात?" त्यांनी नळीच जास्त आवळली.

तेवढ्यात ह्यांनी समजुतीचा सूर काढला. "चला, झालं गेलं. पण फिल्टरनं काही बिघडत नाही ना, मग ते राहू दे. आणि गाडीचं आपण घरी गेल्यावर शांतपणे ठरवू."

ठरवू! किल्ली भावजींच्या हातात होती. ह्यांनी ती घ्यायला मागून हात पुढे केला होता. मी त्या हाताच्या आधी किल्ली उचलली.

"फिल्टर राहणार नाही. पेठच्या रस्त्याला लाल धूळ असते, मला तो कागदाचा डबाच बरा. भावजी, ते गाजर तुम्ही तुमच्या स्कूटरला लावा, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा. आणि घरी जाऊन काय ठरवायचंय? गाडी मी चालवत होते, मी चालवणार. उद्या तिचं ॲव्हरेज खरंच घसरलं तरी मीच चालवणार. तुमच्या रविवारच्या हौसेला पेट्रोल लागतं तेव्हा कुणी बाटली लावत नाही. मग माझ्या नागलीला का लावायची? ही शेवटची बाटली."

शेजारच्या मळ्यातली एक बाई बांधावर विळा घेऊन उभी राहून कधीची ऐकत होती, ती मोठ्यानं म्हणाली, "बराबर हाय बाई!"

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. "आज पेठचा बाजार आहे. सगळ्या सुट्ट्यांमधून मी हाच दिवस का निवडला, वाटलं तुम्हाला? अजून तासाभरात नागलीवाल्या बायका बाजारातून उठून जातील. गोण्या उचलायला आज तीन पुरुष आयते गाडीत आहेत."

"मला गॅरेज उघडायचंय ताई," मिस्त्री म्हणाले.

"संध्याकाळी उघडा."

"जेवणाचं काय?" हे म्हणाले.

"पेठला मिळते भाकरी."

गाडी चाचडगाव सोडून सावळ घाटाला लागली. मी दुसऱ्या गिअरमध्ये, माझ्या चालीनं, वळणावर हॉर्न देत चढत होते. मागे एक ट्रकवाला दिवा मारत होता, त्याला म्हटलं मार बाबा. सीटखाली इंजिन आपलं गुमान काम करत होतं. अर्ध्या घाटात मागच्या सीटवरून भावजींना राहवलं नाही.

"वहिनी, दाबा की जरा!"

"बघा हो," मी ह्यांना म्हटलं, "कोण सांगतंय!"