बदामाची पानं, वरून सांबार

आमच्या घरी पार्सलनं माती आली, त्या दिवशी मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचं गाव हिंगणी. बोर धरणाच्या खाली आमचं वावर आहे, काळ्याभोर मातीचं. त्यात वांगी, टमाटर, पालक आणि सांबार होतो. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे. पावसाळ्यात वावरात पाय टाकला की पायलीभर माती चपलेला चिकटून घरात येते आणि ती झाडून बाहेर टाकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आणि या माणसानं मोबाइलवर बोट दाबून परराज्यातून माती बोलावली! छापील पिशवीत, वर मासोळीचं चित्र.

"टँकची माती आहे थे. आपल्या मातीनं पाणी गढूळ होते," नवरा म्हणाला.

"कास्तकाराच्या घरी माती इकत आली. कोणाले सांगू नका, पोरीचं लग्न जुळणार नाई," मी म्हटलं. आम्हाला पोरगी नाही, पण रागात माणूस काहीही बोलतो. मी जरा जास्तच बोलते, आणि पुढची सगळी गोष्ट त्या जास्तीच्या बोलण्यापासूनच सुरू झाली.

झालं असं होतं की मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. दिवाळीच्या आधी. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही, वावरात जायचं नाही, बाजारात बसायचं नाही. आता या माणसानं चाळीस वर्षं सेलूच्या बाजारात भाजी विकलेली. त्यातली पंधरा वर्षं मी बाजूला बसलेली. ते तोलायचे, मी पैसे घ्यायची, आणि मधल्या वेळात आम्ही दोघं भांडायचो. वांगी वर ठेवायची की खाली, पालकावर पाणी आता मारायचं की नंतर, कशावरूनही. गिऱ्हाइकं मुद्दाम थांबून ऐकायची.

दवाखान्यातून येऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी ऑटोत माल भरणं चालू होतं. मी वळून पाहते तर मामाजींनी वांग्यांचं भरलेलं कॅरेट छातीशी धरून उचललेलं! मी रस्त्यावर, ऑटोवाल्यासमोर, चार बायांसमोर जोरात ओरडले, "ठेवा खाली! आता तुमचं काई काम नाई इथं!"

त्यांनी कॅरेट खाली ठेवलं. घरात गेले. आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं.

पहिल्यांदा मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग वाटलं, राहू दे, मलाही गरज नाही. महिना झाला तसा माझा राग उतरला आणि भीती चढली. मामाजी दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. नवऱ्याशी हो, नाई एवढंच. माझ्याशी तेही नाही. मला सारखं वाटायचं, हा माणूस असाच चुपचाप एक दिवस निघून जाईल आणि माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेलं शेवटचं वाक्य तेच राहील. माफी मागायची तर मला येत नाही. दोनदा चहा घेऊन गेले, दोन्ही वेळा तोंडातून "कप पाडू नका" एवढंच निघालं.

अशात तपासणीसाठी वर्ध्याला नेलं, तर दवाखान्यात माशांची काचपेटी होती. मामाजी तिच्यापुढे असे उभे राहिले की नंबर पुकारला तरी ऐकू गेला नाही. झालं. माझ्या नवऱ्यानं त्याच दिवशी बाजारातून लहानसा टँक घेतला, एक निळा मासा घेतला, आणि बाकी सामान ऑनलाइन मागवायचं ठरवलं. त्या माशाला फायटर म्हणतात.

"एकटाच ठेवा लागते त्याले. दुसरं कोणी दिसलं की फुगते, भांडाले धावते," नवरा म्हणाला.

मी मामाजींकडे पाहिलं. म्हटलं, घरात एक होताच की.

मग पार्सलांची रांग लागली. मातीनंतर गोटे आले. बोर नदीचं पात्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यात गोट्यांशिवाय काही नाही, आणि आमच्या घरी प्लास्टिकच्या थैलीत गोटे. मग एक वाकडं लाकूड आलं. आमच्या सरपणात याच्याहून वाकडी पन्नास निघाली असती. पार्सलवाला पोट्टा सेलूहून फटफटीवर धापा टाकत यायचा. एकदा म्हणाला, "ताई, काय मागवता वो एवढं वजनी?" गोटे म्हणायची लाज वाटली. भांडे आहेत म्हणून सांगितलं.

पण एक मान्य करावं लागेल, मामाजींनी भिंतीकडचं तोंड टँककडे केलं. आणि बोलायला लागले. माझ्याशी नाही, माशाशी.

"आज भाजीत मीठच पडलं नाई रे बेटा," ताटावर बसून ते माशाला सांगायचे.

पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी राहवलं नाही. मीही टँकसमोर जाऊन म्हटलं, "त्याइले सांग, मीठ डॉक्टरनं कमी केलं, म्या नाई."

"तिले सांग, डॉक्टरनं कमी केलं, बंद नाई केलं," मामाजी माशाला म्हणाले.

असं आमचं सुरू झालं. बिचारा मासा कधी या काचेला, कधी त्या काचेला. नवरा म्हणायचा, घरात दोन भैताड होते, आता मासाही वेडा होणार. मला मात्र त्यात समाधान वाटत नव्हतं. मधे काच होती, पाणी होतं, आणि मुख्य म्हणजे ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मग थंडी सरता सरता ते पार्सल आलं. हलकं होतं. उघडलं तर आत पानं. बदामाची वाळलेली पानं, दहा, नीट एकावर एक रचलेली.

इथे सांगायला पाहिजे की आमच्या अंगणात बदामाचं झाड आहे. गावठी बदाम, मोठाल्या पानांचा. थंडी सरताना त्याची पानं लाल होऊन गळतात, आणि मी रोज सकाळी दोन टोपले पानं झाडून उकिरड्यावर नेते. त्या दिवशीही नेली होती. कमरेवर हात ठेवून सरळ होते न होते तोच हे पार्सल!

"अवो, भैताड झाले का तुमी? उद्या शेण मागवान! परवा हवा मागवान!" मी तोंड सोडलं.

नवरा खालच्या आवाजात सांगत होता की ही पानं टँकमध्ये टाकली की पाणी चहासारखं होतं, फायटरला मानवतं, त्याच्या अंगाला रोग लागत नाही, लोक देशभरातून मागवतात. मी ऐकूनच घेत नव्हते. तेवढ्यात मामाजी उठले. पुडीतलं एक पान घेतलं, वास घेतला, अंगणात गेले. येताना आपल्या झाडाचं एक पान घेऊन आले. दोन्ही पानं टँकच्या काचेला लावून माशाला दाखवली.

"सांग बेटा, यातलं इकतचं कोणतं?"

मासा आपल्या झाडाच्या पानाकडे गेला असं मामाजींचं म्हणणं. मला तर तो नुसता वळला असं दिसलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन अंगणात आले तर मामाजी आधीच तिथे. माशाशिवाय, हवेतच म्हणाले, "इथं कोणी झाडू नाई माराचा."

आणि त्यांनी धंदा मांडला. पानं वांग्यांसारखी निवडायची. भोक पडलेलं बाजूला, डाग असलेलं बाजूला, देठ तुटलेलं बाजूला. उरलेली धुवायची, सावलीत वाळवायची, पोत्याखाली दाबून सरळ करायची. नवऱ्यानं मासे पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, घरच्या झाडाची, फवारणी न केलेली. आठवड्यात तीन ऑर्डरी आल्या. एक तर थेट सांगलीची. मामाजींनी सांगली कुठे आहे ते दोनदा विचारलं, एकदा नवऱ्याला आणि एकदा माशाला.

पहिली पुडी, सांगलीची, त्यांनी माझ्यासमोर बांधली. दहा पानं मोजली, जुन्या पेपरात गुंडाळली. मग वावरातून आलेल्या टोपलीतून मूठभर सांबार घेतला, मुळासकट, ओल्या कपड्यात लपेटला. दोन हिरव्या मिरच्या घेतल्या. हे सगळं पानांच्या वर ठेवलं आणि दोरी आवळली.

मी पाहिलं. मला सगळं कळलं. भाजीवाला गिऱ्हाइकाला वरून काहीतरी टाकल्याशिवाय पाठवत नाही, हे या माणसाच्या हाडात आहे. पण मासे पाळणाऱ्याला मिरच्या? तोंडात आलं होतं. पण सांगायचं कसं, बोलणं बंद! माशाला मधे घ्यावं तर नवरा पुडी घेऊन कुरिअरवाल्याकडे निघालाही होता.

दहा-बारा दिवसांनी सांगलीच्या गिऱ्हाइकाचा निरोप आला, फोटोसकट. सुंदर टँक, मधे पांढरी वाळू, आणि त्या वाळूत ओळीनं रोवलेला आमचा सांबार. एकेका काडीच्या बुडाला गोटा बांधलेला. खाली लिहिलं होतं, "पानं एक नंबर. पण सोबत पाठवलेली झाडं दोन दिवसांत सडली. टँकला वास येतोय, सगळं पाणी बदलावं लागलं. मासा ठीक आहे. मिरचीसारखं जे होतं ते त्यानं खाल्लं नाही."

मी आणि नवरा मागच्या पडवीत तोंडात पदर आणि दुपट्टा कोंबून हसलो. मग हसणं थांबलं. हे मामाजींना कसं सांगायचं? आताशी कुठे माणूस उठून उभा राहिला होता. तुमचा सांबार चुकला, हे सांगायचं म्हणजे परत तेच सांगायचं, की तुमचं काही काम नाही. माझी हिंमत झाली नाही. नवऱ्यानं गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि मी ठरवलं की आपण गुपचूप काढून घ्यायचं.

ऑर्डरी वाढल्या होत्या, मग रोज मामाजी पुडी बांधायचे. मी ती मागच्या पडवीत नेऊन उघडायची, सांबार-मिरच्या काढायची, परत बांधायची. काढलेलं टाकून कसं द्यायचं? तो सगळा सांबार आमच्या भाजीत. वरणात सांबार, वांग्यात सांबार, पोह्यात तर पोहे शोधावे लागायचे.

"आजकाल घरात सांबार लय होऊन राह्यला, बेटा," मामाजी माशाला म्हणाले. मी ताटात भात वाढत होते, तो थोडा खाली सांडला.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी पडवीत बसून दोरी सोडत होते. हातात सांबाराची जुडी. मागे सावली पडली. वळून पाहिलं तर मामाजी.

"ए बाई!"

तो आवाज मी तीन महिन्यांत ऐकला नव्हता. बाजाराच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा आवाज.

"काय करून राह्यली तू? माह्या गिऱ्हाइकाच्या पुडीतून काढते? लाज नाई वाटत? चाळीस वर्ष झाले, वरून दोन मिरच्या टाकल्याबिगर कोणाची पिशवी जाऊ नाई देल्ली म्या! पंधरा वर्ष माह्या बाजूले बसली, हेच शिकली? कोणाच्या तोंडचं काढून आमच्या पोह्यात टाकते!"

शेजारची बाई कुंपणापर्यंत आली. ते माझ्याकडे पाहून, सरळ माझ्या तोंडाकडे पाहून शिव्या देत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. त्यांचा दम लागला तेव्हा मी मोबाइलवरचा सांगलीचा फोटो पुढे केला.

त्यांनी तो हात लांब करून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. वाळूत रोवलेल्या सांबारावर बोट ठेवलं. "गोटा बांधला," ते म्हणाले. मग हसायला लागले. छातीवर हात धरून हसायला लागले, तसा माझा जीव वर-खाली, पण ते थांबेचनात. शेवटी भिंतीला टेकून पोत्यावर बसले आणि डोळे पुसले.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी बोलत नव्हते ना माह्यासंग."

"तू म्हणलं होतं, काई काम नाई तुमचं."

आता वाद घालायला माझ्याजवळ काही नव्हतं. जे होतं तेच बाहेर आलं. "मी भेली होती, मामाजी. ते कॅरेट छातीशी पाहून मले वाटलं, तुमी तिथंच पडता."

ते दोरीचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"भेली होती, तं भेली म्हणाचं," ते हळू म्हणाले. "काम नाई, असं काऊन म्हणाचं?"

मांडीवर उघडी पुडी तशीच, आणि मी रडायला लागले, शेजारीण पाहते आहे हे माहीत असूनही. मामाजी परत बाजारातल्या आवाजात ओरडले,

"रडाचं आहे तं तिकडं सरकून रड! पानं ओली होऊन राह्यली. बुरशी लागन!"