काच बसवणारा हात

महाबळेश्वरला टॅक्सी चालवणारा एक माजी फौजी गाडीची पुढची काच साताऱ्यात माझ्याच दुकानातून न्यायचा, पण मला कधी बसवू द्यायचा नाही. घाटात खडा लागून काच फुटली की दारात हजर. "मिस्त्री, काच तेवढी द्या. बसवायचं घरी बघतो." मला राग यायचा. घरी बसवायला ती काय आरशाची काच आहे?

एकदा बायकोला घेऊन औंधला यमाईच्या दर्शनाला निघाला, तेव्हा माझ्या दुकानाजवळच काच फुटली. मी सुतळी आणि साबणाचं पाणी घेऊन पुढं झालो.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आमची मंडळी हाय की."

बाईंनी पदर खोचला. नव्या काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत भरलेली सुतळी तो आतून ओढत गेला आणि त्या बाहेरून तळहातानं काच दाबत सरकल्या. खोट काढायला मी वर बादलीभर पाणी ओतलं. आत थेंब आला नाही.

"हिच्या हाताखाली काच कवा तडकली न्हाई," तो मला म्हणाला. मग गिऱ्हाइकांसाठी राखलेली पुढची सीट रुमालानं पुसून त्यानं बायकोला तिथं बसवलं, आणि औंधचा रस्ता सोडून गाडी भर बाजारपेठेतून नेली, अगदी सावकाश.