शकूच्या तुसाच्या कांड्या

जिते गावच्या शकूला राग पटकन येत नाही. त्या दिवशी आला, आणि अजून गेलेला नाही.

गिरण्यांतलं भाताचं तूस दाबून जळणाच्या कांड्या करायचं यंत्र तिच्या बचत गटाने घेतलं, ते रोह्याच्या एका कारखान्याच्या शब्दावर. कारखान्याने कोळशाऐवजी कांड्यांवर चालणारा बॉयलर बसवला होता. कांड्या महाग पडत. पण कोळसा न जाळल्याबद्दल कारखान्याला कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण टाळल्याची प्रमाणपत्रं, मिळत. ती परदेशात विकली की वरचा खर्च भरून निघे. दोन वर्षं अकरा बायका कामाला होत्या.

मग एका सोमवारी भरलेला टेम्पो गेटवरूनच परत आला. दुसऱ्या दिवशी शकू त्याच टेम्पोत बसून रोह्याला गेली. गेटाबाहेर फलक होता, 'हरित ऊर्जा, सक्षम महिला'. त्यावर तिच्या गटाचा फोटो. आत चिमणीतून काळा धूर निघत होता.

खरेदी अधिकारी सुजयने खुर्ची पुढे केली. "ताई, क्रेडिटचा भाव निम्म्याहून खाली आलाय. कांड्या परवडत नाहीत. परत कोळसा लावलाय."

"भाव पडला म्हणून धूर कमी काळा हाय काय? बघा खिडकीतून."

"बाजार आमच्या हातात नसतो."

"चढला तवा आमचा दर वाढवलात नाय. पडला तो मात्र आमच्या डोक्यावर."

शकू बाहेर आली, टेम्पोवाल्या निकेशकडून पाना मागून घेतला आणि फलकाचे बोल्ट सोडवू लागली.

"मावशी, फलक कंपनीचा हाय," वॉचमन म्हणाला.

"तोंड माझं हाय," ती म्हणाली. फलक खाली आला.

पुढे रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या फरसाणाच्या भट्ट्या कांड्या घेऊ लागल्या, पण थोड्याच. पाच जणींचं काम गेलं. त्यांतली पुतळी आता पेणला मूर्तींच्या कारखान्यात माती मळते. तिचा विषय निघाला की शकूचा आवाज चढतो.

यंदा सुजय स्वतः जित्याला आला. भाव चढला होता.

"तीन वर्षांचा दर लिहून द्या," शकू म्हणाली. "तुमच्या बाजारात काय पण होवो."

पंधरा दिवसांनी कागद आला, एकाच वर्षाचा. तिने सही न करता परत पाठवला.

"वर्षाचं तरी घ्यायचं गो," गटातली सरू म्हणाली.

"आणि वर्षानं तुला घरी बस म्हणून कोण सांगणार? मी नाय सांगणार," शकू म्हणाली, आणि तिने यंत्राचं बटण दाबलं.