मिसेस पार्कर यांचं पुडिंग

मी पदवीधर झालो आणि पुढे फौजेत अफसर झालो, ते मिसेस अ‍ॅग्नेस पार्कर यांच्यामुळे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचा दोष कुणी त्यांना देणार नाही.

माझे वडील कन्हानला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. मिस्टर पार्कर गार्ड होते. ते वारल्यावर बाई कामठीला छावणीजवळ एकट्याच राहत. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. शाळा मराठी, त्यामुळे नागपूरच्या कॉलेजात वर्गात काय चाललंय ते कळेना. वडील मला बाईंकडे घेऊन गेले. दोन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, मी सायकलने नदीचा पूल ओलांडून त्यांच्याकडे शिकलो. अर्धवट बोललो की त्या पेन्सिल टेबलावर आपटत. "फुल सेंटेन्स, यंग मॅन. पूरा बोलो."

इंग्रजांचे सण मी त्या घरात पाहिले. उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधीच्या मंगळवारी बाई पातळ पॅनकेक करत, वर लिंबू आणि साखर. नोव्हेंबरात एका सकाळी अकरा वाजता लाल कागदी फूल लावून दोन मिनिटं ताठ उभ्या राहत. पहिल्या महायुद्धात त्यांचे काका गेले होते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी धोबी, पोस्टमन आणि माझे वडील, प्रत्येकाला भेटीचा एक खोका मिळे.

पण सगळ्यात मोठं काम पुडिंगचं. नाताळच्या महिनाभर आधी एका रविवारी ते कालवायचं. नागपूरच्या सदर बाजारातून आणलेले मनुके, वाळवलेली संत्र्याची साल, अंडी, रम. घरात असेल त्या प्रत्येकाने चमचा पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा फिरवायचा आणि मनात एक इच्छा धरायची. मुलगी इंग्लंडला, भाऊ ऑस्ट्रेलियात. त्यांच्या नावाने बाई स्वतः चमचा फिरवत, नाव मोठ्याने घेऊन. मी फौजेत गेल्यावर त्या माझंही नाव घेऊ लागल्या. आईने ते मला पत्रातून कळवलं.

बाईंचे वडील कामठीच्या गोऱ्या पलटणीत सार्जंट होते. नाताळच्या सकाळी अफसर स्वतः बराकीत येऊन अंथरुणातल्या सोल्जरांना चहा देत, त्या चहात रम असे, त्याला 'गनफायर' म्हणत, हे त्यांनी मला सांगितलं होतं. "साल में एक दिन," त्या म्हणत, "साहब नौकर बनता था." पॉइंट्समनच्या मुलाच्या मनात ते घर करून राहिलं. अफसर झालो तर हे आपण करायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

डिसेंबर १९७१. युद्धबंदी होऊन आठवडा झाला होता. माझी प्लाटून राजस्थानच्या वाळवंटात होती. माझा एक सेक्शन, दहा जवान, चारशे मीटर पुढे टेकाडावर होता. मधे आमचाच सुरुंगपट्टा. त्यातून जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या आणि पांढरी टेप. रोज सकाळी आठला पायोनियर पार्टी, म्हणजे सुरुंग शोधणारी तुकडी, वाट तपासायची, मग ये-जा सुरू व्हायची. तसा लेखी हुकूम नव्हता. रिवाज होता.

नाईक दौलत मेश्राम प्लाटून हेडक्वार्टरमध्ये माझ्याबरोबर असे. त्याचं गाव कन्हानपासून पाच कोसांवर. प्रमोशनसाठी त्याला इंग्रजीचा पेपर द्यायचा होता. मी त्याला रोज अर्धा तास शिकवत असे, बाईंच्याच पद्धतीने. अर्धवट बोलला की मी टॉर्च पेटीवर आपटायचो.

तेवीस तारखेच्या डाकेने बाईंचं पुडिंग आलं. पत्र्याचा डबा, झाकण डाग देऊन बंद केलेलं. मेश्रामने कटरने झाकण उघडलं.

"साहेब, हे काय हाय? गुळाची ढेप करपली काय?"

"विलायती आहे. दोन तास वाफवायचं."

"महिनाभर डब्यात राह्यलं अन् आता वाफवायचं?" तो माझ्या सहायकाकडे वळला. "काहून हासून राहिला गा? तुलेच पहिले चारतो. तू जगला तर आमी खाऊ."

चोवीसला त्यानेच ते देगचीत वाफवलं आणि फडक्यात बांधून ठेवलं. गनफायरची परवानगी मी कंपनी कमांडरकडून घेतली. त्यांनी विचारलं, "वाट बघून जाशील ना?" मी म्हणालो, "येस सर."

त्या रात्री वारा सुटला होता.

पंचवीस तारीख. सात वीसला स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सगळ्यांचा सज्ज पहारा, संपला. पहाऱ्यावरचे सोडून बाकी पोरं आठपर्यंत पुन्हा ब्लँकेटमध्ये शिरत. सात तीसला चहा तयार झाला. मी किटली उचलली.

प्लाटून हवालदार म्हणाले, "साहेब, रात्री वारा होता. आठपर्यंत थांबू."

"आठला सगळे उठलेले असतील. मग त्यात काय राहिलं?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही.

मेश्राम चहाचे मग घेऊन आला. वाटेच्या तोंडाशी त्याने मला अडवलं.

"साहेब, किटली तुमी धरा, आज तुमचा मान हाय. पण पुढं मी."

मी पुढे व्हायला हवं होतं. नाहीतर थांबायला. मी थट्टेत म्हणालो, "फुल सेंटेन्स."

तो उभा राहिला. विचार केला. म्हणाला, "सर, आय विल गो इन फ्रंट."

एकही चूक नव्हती. मी म्हणालो, "गुड."

अर्ध्या वाटेवर डावीकडच्या दोन खुंट्या वाऱ्याने उपटल्या होत्या. टेप सरकून पट्ट्याच्या आत पडली होती आणि उपटलेल्या खुंट्या वाळूखाली गेल्या होत्या. वरून ती सरळच दिसत होती. मेश्राम टेप बघूनच चालला. सात एकेचाळीसला स्फोट झाला.

माझ्या उजव्या कानातून रक्त येत होतं. मदतीला धावणाऱ्या सगळ्यांना मी ओरडून जागेवर थांबवलं. पायोनियर पार्टी पोचायला अकरा मिनिटं लागली. मी दहा फुटांवर होतो आणि जवळ जाऊ शकत नव्हतो. पहिली तीन-चार मिनिटं तो बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं.

हवालदारांनी रेडिओ घेतला.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"सिरियस? ओव्हर."

आठ वाजून दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "कॅज्युअल्टी नो मोर. ओव्हर."

संध्याकाळी कुणी पुडिंगला हात लावेना. हवालदार म्हणाले, "त्याने हातानं वाफवलंय. टाकायचं नाही." प्रत्येकाने एक-एक तुकडा खाल्ला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी का थांबलो नाही ते खरं सांगितलं. तशी नोंद झाली. फेब्रुवारीत रजा मिळाली तेव्हा मेश्रामच्या गावी गेलो. त्याचे वडील खाटेवर बसले होते.

"त्याले पुढं काहून धाडलं, साहेब?"

"मी नाही धाडलं, बाबा. तो स्वतः पुढे झाला. पण निघायची घाई माझी होती."

 त्यांनी आत आवाज दिला, "चहा ठेव वं." तो चहा मी प्यालो.

परतताना कामठी लागली. बाईंच्या फाटकापर्यंत गेलो आणि तसाच मागे फिरलो. त्यांची तीन पत्रं आली. पुडिंग कसं झालं होतं, हे त्या प्रत्येक पत्रात विचारत. पुढचा नोव्हेंबर आला तेव्हा मी उत्तर लिहिलं. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत असं होईल:

'आदरणीय मिसेस पार्कर,

पुडिंग चांगलं झालं होतं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. ज्याने ते वाफवलं, तो त्याच सकाळी सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. मी तुमच्या वडिलांच्या पलटणीतल्या अफसरांसारखा जवानांना चहा द्यायला निघालो होतो. वाट तपासली जाईपर्यंत मी थांबलो नाही. रिवाज चांगला आहे, घाई माझी होती. तुम्ही स्वतःला दोष देऊ नये म्हणून इतके महिने लिहिलं नाही. तेही चुकलंच.

तुम्ही मला शिकवलंत तसं मी त्याला इंग्रजी शिकवत होतो. त्याचं शेवटचं वाक्य पूर्ण होतं.

येत्या रविवारी तुम्ही पुडिंग कालवाल. या वर्षी माझ्या नावाने चमचा फिरवू नका. त्याच्या नावाने फिरवा. नाव मोठ्याने घ्यावं लागतं, म्हणून सुटं करून लिहितो: दौ-ल-त मे-श्रा-म.

तुमचा विद्यार्थी.'