हजेरीत गाळलेलं नाव
परवा कपाट आवरताना जुनी शॉर्टहँडची वही हाती आली, आत दडलेल्या कार्बन पेपरचा वास नाकात गेला आणि बहारीनमधल्या त्या कॉलेजचा हॉल डोळ्यांसमोर आला. ऐंशीच्या दशकात मी तिथे स्टेनो होतो. एका ज्यू विद्यार्थिनीने भेदभावाची तक्रार केली होती आणि प्रिन्सिपलनी सगळ्यांसमोर सुनावणी ठेवली होती. एसी घरघरत होता, तरी घामाने माझी पेन्सिल निसटत होती. ती मुलगी उभी राहून म्हणाली, "सर रोज हजेरी घेतात आणि माझंच नाव गाळतात. मी हात वर केला की वर्ग हसतो." ते सर समोरच बसले होते, त्यांनी नुसतं घड्याळात पाहिलं. दुपारी मी टाइप करायला बसलो तर प्रिन्सिपल मागे येऊन उभे. "तिचं बोलणं राहू दे. तक्रार मिटली, एवढंच लिही. खलास." माझा व्हिसा त्याच आठवड्यात रिन्यू व्हायचा होता. "यस सर," म्हणालो. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावरचा तो कागद वाचून ती थेट माझ्या टेबलापाशी आली. "तुम्ही तर सगळं लिहून घेत होतात. मी बघत होते." मी मान खाली घालून मशीनमध्ये नवा कागद सरकवत राहिलो. तिचं बोलणं या वहीत शॉर्टहँडमध्ये अजून तसंच आहे, पण त्या रेघोट्या घरात माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत. परवा नातीने विचारलं, "आजोबा, हे काय लिहिलंय?" "काही नाही गं," मी म्हणालो, आणि त्या मुलीला पुन्हा एकदा गाळलं.