दाराबाहेरचं स्टूल

आम्ही अंधेरी सोडली त्या दिवशी अख्खी चाळ आम्हाला निरोप द्यायला खाली उतरली होती, एक परबकाकू सोडून. आमची चाळ अंधेरीतल्या मरोळला. सहारचा विमानतळ इतका जवळ की गॅलरीत उभं राहिलं तर उतरणाऱ्या विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचता यायची. त्यामुळे आम्हाला पोचवायला सगळ्यांनी चालतच यावं, असा प्रस्ताव खालच्या मजल्यावरून आला होता. बाबांनी हात जोडून तो मागे घ्यायला लावला. दोन टॅक्सींवर आमच्या ट्रंका चढत होत्या, आई प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडत होती आणि माझा धाकटा भाऊ ॲरन कोणी काही खायला देतंय का ते बघत होता. मी काकूंना शोधत वर गेले. त्या आमच्या कुलूप घातलेल्या दारासमोर, आपल्या नेहमीच्या लाकडी स्टुलावर बसल्या होत्या. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी.

"काकू, चला ना खाली."

"जावा तुमी. मी हय बसलंय," त्या म्हणाल्या, आणि पदराने उगाचच चष्मा पुसायला लागल्या.

रिकाम्या घराच्या दारापुढे त्या का बसल्या होत्या, हे चाळीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपली पोरं आता जगभर पांगली आहेत, आणि इथे इस्राएलमध्ये जन्मलेल्या माझ्या मुलांना तर चाळ म्हणजे काय तेही हातवारे करून सांगावं लागतं. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण कोकणातले. घरात बोलणं मराठीत, देवाचं म्हणणं हिब्रूत आणि भांडण गरज पडेल त्या भाषेत. आमचा सगळ्यात मोठा उपास योम किप्पुरचा. जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणायची, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची. पांढरे कपडे घालायचे, एका संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी तीन चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, आणि बाहेरच्या कोणाशी शब्द नाही. पुढे बहुतेक लोक तो दिवस सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात काढायला लागले. पण सिनेगॉग पार शहरात, आणि त्या दिवशी वाहनात बसायचं नाही. बाबा म्हणायचे, "माझ्या आजोबांनी गावी दार लावलं, मी मरोळला लावतो. देवाला दोन्ही पत्ते माहीत आहेत."

देवाला असतील. परबकाकूंना नव्हते. आम्ही चाळीत राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. काकू शेजारच्या खोलीत, मूळच्या मालवणकडच्या. सकाळपासून आमचं दार बंद, आत भांड्याचा आवाज नाही, स्टोव्हचा आवाज नाही, हाकेला ओ नाही. दुपारपर्यंत त्यांनी धीर धरला. मग चार बाप्ये गोळा केले आणि दाराला खांदे लावले. कडी तुटून दार उघडलं. आत पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आम्ही चौघं ओळीने चटईवर बसलेलो, एकही शब्द न बोलता त्यांच्याकडे बघतोय. काकूंनी जी किंकाळी फोडली ती म्हणे औद्योगिक वसाहतीपर्यंत ऐकू गेली. बाबा शांतपणे उठले, दार लोटलं आणि त्याला आतून ट्रंक लावली.

दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण. उपास सुटल्यावर गाठीभेटी घ्यायचा दिवस. बाबांनी, म्हणजे काकूंच्या बेनीभाऊंनी, त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. देवाच्या कामात आपण दार मोडून शिरलो, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. त्याची भरपाई म्हणून पुढच्या वर्षापासून त्या दिवशी त्या स्टूल घेऊन आमच्या दाराबाहेर बसायला लागल्या. दूधवाला, पोस्टमन, वर्गणीवाले, सगळ्यांना तिथूनच परत धाडायच्या. नियम आमचे, पण अंमलबजावणी त्यांची, आणि ती आमच्यापेक्षा कडक. एकदा ॲरनने तहान लागली म्हणून खिडकीतून हात बाहेर काढला, तर काकूंनी त्या हातावर फटका मारून तो आत ढकलला.

आता मुद्द्याचं. माझा मामा बरीच वर्षं आधी इस्राएलला गेला होता. त्याच्या पत्रांनी बाबांचं चित्त उडालं. तीन वर्षं ते जायच्या मागे होते. कागद झाले, शिक्के झाले, पण चौघांच्या जागा काही एकत्र मिळेनात. वांद्र्याचा एक ट्रॅव्हल एजंट दर महिन्याला "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचा. बाबांनी कारखान्यात नोकरी सोडतो म्हणून सांगूनही टाकलं होतं, आणि मग दोनदा जाऊन "अजून सोडत नाही" असंही सांगितलं होतं. साहेब त्यांच्याकडे बघून हसायला लागला होता. आमच्या घरात या विषयावर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण बाबा आतून खचत चालले होते, आणि ही संधीही हातची जाणार असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

त्या वर्षी दारफाळणी नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. काकूंचं नवरात्र चालू, म्हणजे दाराच्या आत आम्ही उपाशी आणि बाहेर त्या उपाशी. दुपारी तीनच्या सुमारास जिना वाजला आणि अनोळखी आवाज आला. एजंटच्या ऑफिसातला पिंटो. चाळीत फोन नव्हता म्हणून बिचारा स्वतः आला होता.

"बाई, जरा साइडला व्हा ना. अर्जंट आहे."

"दार ठोकू नको. आज तेंचो सण हा. चांदण्यो दिसल्याशिवाय उघडूचा नाय."

"अहो, चार सीट खाली झालेत! चार, एकदम! उद्या सकाळी नावं द्यायची आहेत. आज सही नाय भेटली तर वाट लागली."

आत आम्ही चौघंही ताठ झालो. बाबा उभे राहिले. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते एका फळीच्या पलीकडे उभं होतं, आणि उघडायचं नाही, बोलायचं नाही, लिहायचंही नाही. बाबांनी कडीकडे हात नेला. आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हात खाली आला. परत वर गेला. परत खाली आला. मला तेव्हा सतरावं लागलं होतं आणि मला अंधेरी सोडून कुठेही जायचं नव्हतं. खरं सांगते, मी मनातल्या मनात पिंटोला म्हणत होते, जा रे बाबा, जा. वर्षभराच्या पापांची क्षमा मागायच्या दिवशी मी एक नवं करून ठेवत होते.

मग बाबांना एक गोष्ट सुचली. ते खोकले. मोठ्याने, एकदा.

"ऐकलंस?" काकू पिंटोला म्हणाल्या. "बेनीभाऊंका कळला. तेंचो होकार हा."

"बाई, फॉर्मवर सही लागते. खोकला नाय चालत."

"मगे बस. सांजपर्यंत सही मिळतली."

"मला टाइम नाय. यांना जमत नसेल तर लिस्टमध्ये दुसरी फॅमिली आहे, कुर्ल्याला. तिकडे जातो."

आत बाबांनी डोळे मिटले. बाहेर काकूंचं स्टूल करकरलं.

"ती पण ह्यांच्यातलीच मां?"

"हो."

"मगे तेंचोय दरवाजो बंद असतलो. खय जातलंस? बस गप."

पिंटो बसला. म्हणजे परबकाकांची आरामखुर्ची बाहेर आली ती आम्ही आवाजावरून ओळखली. मग चहा आला. मग साबुदाण्याची खिचडी. उपास काकूंचा, उपास आमचा, आणि खिचडीच्या तीन बश्या पिंटोने खाल्ल्या. तुपाचा आणि जिऱ्याचा वास फटीतून आत येत होता आणि ॲरन उशीत तोंड खुपसून पडला होता. पिंटो अधूनमधून ऑफिसच्या काळजीने उठायचा, की काकू विचारायच्या, लग्न झाला काय तुझा? तो परत बसायचा. साडेपाचपर्यंत चाळीला त्याच्या तिन्ही बहिणींची नावं पाठ झाली होती.

संध्याकाळी चांदण्यांचा घोळ सुरू झाला. अख्खी चाळ गॅलरीत मान वर करून उभी. "दिसली, दिसली!" असा गलका झाला, तर ती चांदणी हळूहळू मोठी झाली, खाली आली आणि घरघरत सहारला उतरली. दुसरीचंही तेच. तिसरी बराच वेळ जागची हलली नाही, म्हणून पिंटोने मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात ती लुकलुकत जुहूच्या दिशेने निघून गेली. शेवटी परबकाकांनी निकाल दिला, की जी चांदणी शंभर आकडे मोजेपर्यंत हलणार नाही तीच खरी धरायची. चाळ एका सुरात आकडे मोजत होती आणि आत बाबा ओठ न हलवता मोजत होते.

तिसऱ्या चांदणीचे शंभर झाले आणि काकूंनीच दार वाजवलं. बाबांनी ते उघडलं आणि पहिला हात पुढे केला तो पिंटोच्या पेनाकडे. काकूंनी तो हात धरला आणि त्यात सरबताचा पेला दिला. "आधी पोटात काय तरी घाला." बाबा उभ्याउभ्या प्यायले. मग त्यांनी सही केली. सही इतकी वाकडी आली की पिंटो म्हणाला, खोकलाच बरा होता.

सगळे हसले. काकूही हसल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला आल्या तेव्हा मात्र त्यांनी पानं माझ्या हातात ठेवली आणि हात सोडेनात. "मीच गो धाडलंय तुमका," म्हणाल्या. "त्या पिंटोक जावक दिला असतां तर तुमी हयच ऱ्हवला असतात." तीन आठवड्यांनी त्या आमच्या कुलपासमोर बसल्या होत्या आणि आमच्या टॅक्सी निघाल्या.

दोन विमानं बदलून आम्ही इस्राएलमधल्या बीरशेवाला पोचलो. वाळवंटाच्या कडेला सरकारी घरांच्या चौकोनी इमारती, त्यांना इथे हिब्रूत 'शिकून' म्हणतात. मला ती खोक्यांची रास वाटली. हिब्रू शिकायच्या वर्गाला उल्पान म्हणतात, तिथे बाबा मास्तरणीला "अहो बाई" म्हणायचे आणि ती वळून बघायची. पहिल्या योम किप्पुरला अख्खा देश बंद झाला. रस्त्यावर गाडी नाही, आकाशात विमान नाही, मोकळ्या रस्त्यांवर पोरं सायकली फिरवत होती. आमच्यासारखीच सगळ्यांची दारं बंद. ज्यासाठी आम्ही आलो होतो ते हेच. बाबांनी सगळं बघितलं, आत आले, स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि दाराबाहेर जिन्याशी ठेवलं.

"कशाला?" आईने विचारलं.

"असू दे," बाबा म्हणाले आणि दार लावलं.

संध्याकाळी दार उघडलं तर स्टूल गायब. वरच्या मोरोक्कोच्या बाईला वाटलं की आम्ही ते टाकून दिलंय, म्हणून तिने ते उचलून कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवलं होतं. बाबांना चांदण्या दिसल्यावर काकूंसारखं बाहेरून कोणी दार वाजवलं नाही याचं वाईट वाटलं, स्टुलाचं नाही. त्यांनी तेच स्टूल धुऊन पुढच्या वर्षी परत ठेवलं. दरवर्षी ठेवलं. हळूहळू इमारतीला वाटायला लागलं की हा हिंदुस्थानातल्या ज्यूंचा काहीतरी प्राचीन विधी असावा. एकदा एका तरुण रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने येऊन याचा आधार कुठल्या ग्रंथात आहे असं विचारलं. बाबांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मालवण."

आता बाबा नाहीत. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिलाय असं कळलं. परबकाकू गेल्याचं त्यांच्या मुलीचं पत्र आलं त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यात तिने लिहिलं होतं, आई शेवटपर्यंत विचारायची, ह्या वर्षी दारफाळणी कधी आसा? मी त्या दिवशी पुष्कळ रडले. उत्तर लिहिताना पुढच्या दहा वर्षांच्या तारखा लिहून पाठवल्या. त्याचा आता कोणाला उपयोग नव्हता.

तुझं घर कुठलं, असं मुलं विचारतात. पूर्वी मी अंधेरी म्हणायचे, मग बीरशेवा म्हणायला लागले. आता वाटतं, दार लावून बसल्यावर बाहेर आपली राखण करणारं कोणीतरी असतं, ते घर. मग मुलं म्हणतात, म्हणजे कुठे?

स्टूल मी अजून ठेवते. गेल्या योम किप्पुरला दुपारी जिन्यात पावलं वाजली. कोणीतरी धापा टाकत वर आलं, थांबलं आणि स्टूल करकरलं. कोण ते कळायला मार्ग नव्हता, आणि दार उघडायची सोय नव्हती. मी आत उभी राहिले. मग मोठ्याने, एकदा खोकले. बाहेरून उत्तर आलं नाही. पण कोणी उठूनही गेलं नाही.