मेघनाची चार महिन्यांची इंटर्नशिप

आमच्या आयटीच्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष काम शिकायला कंपनीत पाठवतात. परवा मी पाहणीला गेले, तर माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी मेघना जुन्या फायलींची पानं स्कॅन करत बसली होती. बोटं धुळीनं काळी झाली होती.

"प्रोग्रॅमिंग कधी असतं?" मी विचारलं.

"चार महिने हेच करतेय, मॅडम. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. गेल्या वर्षीच्या मुलांनी सांगितलं होतं. तरी 'तिथे खूप शिकायला मिळेल' असं वर्गात मीच म्हणाले होते. आपण शिकवलेलं मुलं पडताळून बघतात. आपला शब्द मात्र तसाच खरा धरून चालतात.

मी तिच्या अहवालात 'कंपनीतलं प्रशिक्षण' या रकान्यापुढे 'समाधानकारक' लिहून सही केली. मेघनानं ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता पुढचं पान स्कॅनरवर ठेवलं.